पीएमएफएमई योजना कोकणात कशी चालते: यंत्राला पैसा आहे, हंगामाला नाही

प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी बसलेली पीएमएफएमई, ही रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या लहान काजू, आंबा, कोकम प्रक्रियादाराने जरूर घ्यावी अशी योजना आहे, हे आधीच सांगून टाकतो. अटी सुटसुटीत आहेत, नव्याबरोबर चालू उद्योगालाही अनुदान मिळते आणि भाड्याच्या जागेतही प्रकल्प बसतो. पण ही योजना यंत्रांसाठी आखलेली आहे. कोकणातले युनिट ऑगस्टमध्ये बंद पडते ते यंत्र नसल्यामुळे क्वचितच. मार्च ते मे या तीन महिन्यांत वर्षभराचा माल भरून ठेवायला पैसा नसतो, म्हणून ते बंद पडते. ही गोष्ट प्रकल्प अहवालात पहिल्या दिवसापासून धरली तर योजना उत्तम आहे. न धरता घेतली तर अनुदानाचे यंत्र आठ महिने झाकून ठेवायची पाळी येते, आणि हप्ता मात्र बाराही महिने चालू राहतो.

योजना केंद्राने जून २०२० मध्ये आणली. पाच वर्षांसाठी १०,००० कोटी रुपयांची तरतूद होती, नंतर मुदत २०२५-२६ पर्यंत वाढवली. त्यामुळे फाइल करण्याआधी चालू मुदत कोणती आणि जिल्ह्याचे लक्ष्य शिल्लक आहे का, हे जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात विचारून घ्या. महाराष्ट्रात ही योजना कृषी विभाग चालवतो. पुष्कळ लोक जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन परत येतात, त्यांचा एक फेरा वाचेल.

मिळते ते असे. पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के अनुदान, एका उद्योगाला जास्तीत जास्त १० लाख रुपये. स्वतःचा वाटा किमान १० टक्के, बाकीचे बँकेचे मुदत कर्ज. ३५ टक्क्यांचे १० लाख होतात ते साधारण २८ लाख ५७ हजारांच्या प्रकल्पावर. त्यापुढे प्रकल्प कितीही फुगवला तरी अनुदान वाढत नाही, फक्त कर्ज वाढते. पात्र खर्चात यंत्रसामग्री आणि तांत्रिक बांधकाम येते, आणि तांत्रिक बांधकाम पात्र खर्चाच्या ३० टक्क्यांच्या वर जाता कामा नये. जमिनीची किंमत धरत नाहीत. खेळत्या भांडवलावर अनुदान नाही. कोकणाचा सगळा प्रश्न या शेवटच्या वाक्यात आहे.

काजूचे उदाहरण घेऊन हिशेब मांडू. समजा यंत्रे ९ लाखांची आणि तांत्रिक बांधकाम ३ लाखांचे, असा १२ लाखांचा प्रकल्प. अनुदान ४ लाख २० हजार, स्वतःचे १ लाख २० हजार, बँकेचे कर्ज १० लाख ८० हजार. अनुदान हातात येत नाही. बँकेत तुमच्या नावाने उघडलेल्या मिरर खात्यात ते पडून राहते आणि तेवढ्या रकमेवर बँकेने व्याज लावायचे नसते. म्हणजे व्याज प्रत्यक्षात ६ लाख ६० हजारांवर. इथपर्यंत चित्र फार छान दिसते.

आता माल. दिवसाला २०० किलो बी फोडणारे युनिट हे काही मोठे युनिट नव्हे. वर्षाला २५० दिवस चालवायचे तर ५० टन बी लागते. किलोला १३० रुपये भाव धरला तर ६५ लाख रुपये. म्हणजे १२ लाखांच्या प्रकल्पाला ६५ लाखांचे खाद्य, आणि तेही तीन महिन्यांत उचलायचे, कारण पाऊस लागला की गावातली बी संपते. जूनमध्ये मिळते ती व्यापाऱ्याच्या गोदामातली, वाढीव भावाने. अर्धेच दिवस चालवायचे म्हटले तरी ३२ लाख लागतात. प्रकल्प अहवाल लिहून देणारे बहुतेक जण खेळते भांडवल एका महिन्याचे धरतात, कारण इतर उद्योगांचा नमुना तसाच असतो. तो नमुना इथे साफ चुकतो.

उताऱ्याचाही विचार करा. साधारण बीमधून २५ ते २८ टक्के गर निघतो. वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्राच्या वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या जातींचा उतारा ३० टक्क्यांच्या आसपास जातो. ५० टनांवर उताऱ्यातला तीन टक्क्यांचा फरक म्हणजे दीड टन गर. या प्रकल्पाच्या अनुदानापेक्षा ही रक्कम मोठी आहे. म्हणून बी घेताना कोणत्या बागेची, कोणत्या जातीची, हे पाहून भाव ठरवा आणि अहवालातही उतारा २५ टक्केच धरा. कागदावर ३० धरून बँकेला खूश करता येते, पण हप्ता खऱ्या उताऱ्यातून भरायचा असतो.

जीएसटी नोंदणी असलेल्याने आणखी एक रक्कम बाजूला काढायची. शेतकऱ्याकडून न सोललेली काजू बी घेतली की त्यावरचा ५ टक्के कर खरेदीदाराने उलट आकारणीने भरायचा असतो, आणि तो रोखीनेच भरावा लागतो, जुन्या कराच्या जमेतून (इनपुट टॅक्स क्रेडिटमधून) वळता करता येत नाही. नंतर त्याची जमा मिळते, पण गर विकला जाईपर्यंत पैसा अडकतो. ६५ लाखांच्या बीवर हे सव्वातीन लाख होतात. अहवालात ही ओळ शोधा. नसेल तर घालून घ्या.

यावर उपाय काय? बँकेकडे मुदत कर्जाबरोबरच कॅश क्रेडिटची, म्हणजे ठरलेल्या मर्यादेत लागेल तसे उचलायच्या खेळत्या भांडवलाच्या कर्जाची, मागणी त्याच अर्जात करा, वेगळी नंतर करू म्हणू नका. एकदा मुदत कर्ज मंजूर झाले की शाखेचा उत्साह ओसरतो. मागणीला महिनावार तक्ता जोडा: मार्चमध्ये किती टन खरेदी, एप्रिलमध्ये किती, जुलैअखेर साठा किती, गणपती आणि दिवाळीत विक्री किती. बँकेला हंगामी उद्योगाची मर्यादा देता येते, हंगामात वर आणि नंतर खाली. पण शाखाधिकारी घाटावरून किंवा परराज्यातून बदलून आलेला असेल तर त्याला काजूचे वर्ष माहीत असण्याचे कारण नाही. तक्ता पाहिला की त्यालाही सोपे जाते. लहान उद्योगाला किमान १० लाखांपर्यंतच्या कर्जासाठी बँकेने तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यापुढच्या रकमेला सीजीटीएमएसईची, म्हणजे लहान उद्योगांच्या विनातारण कर्जाला हमी देणाऱ्या ट्रस्टची, हमी घेता येते. शाखेत ‘तारण काय देणार?’ हा प्रश्न आला की हमी योजनेत बसवण्याची विनंती लेखी द्या.

कृषी पायाभूत सुविधा निधीची व्याज सवलतही इथे जोडता येते: २ कोटींपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के, जास्तीत जास्त सात वर्षे. पीएमएफएमईच्या अनुदानाबरोबर ती घेता येते, तरी फार थोडे लोक घेतात. अर्ज वेगळ्या पोर्टलवर करावा लागतो, म्हणून राहून जाते. व्याज सवलत मिळते आहे तर सोडू नका.

पीएमईजीपीशी, म्हणजे प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाशी, तुलना करायलाच हवी, कारण इथे बरेच जण चुकीची योजना निवडतात. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाच्या या योजनेत उत्पादन उद्योगाची प्रकल्प मर्यादा ५० लाख आहे. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के अनुदान, तर महिला, इतर मागासवर्ग, अनुसूचित जाती-जमाती, अल्पसंख्याक, माजी सैनिक, दिव्यांग यांना ३५ टक्के, आणि या विशेष गटाचा स्वतःचा वाटा फक्त ५ टक्के. शिवाय प्रकल्प खर्चात खेळते भांडवलही धरतात. म्हणजे गावात नवीन युनिट घालणाऱ्या महिलेला किंवा इतर मागासवर्गातल्या उद्योजकाला ३० लाखांच्या प्रकल्पावर साडेदहा लाख मिळू शकतात, पीएमएफएमईच्या कमाल मर्यादेपेक्षा जास्त. कोकणात या गटात बसणारे लोक किती आहेत हे सांगायला नको. सर्वसाधारण गटातल्या पुरुषाला मात्र पीएमएफएमईच बरी, कारण तिकडे २५ आणि इकडे ३५ टक्के.

पीएमईजीपीच्या मर्यादा दोन. पहिली, ती फक्त नव्या उद्योगाला मिळते, आणि त्याच युनिटवर आधी दुसरे सरकारी अनुदान घेतलेले चालत नाही. तुमचे आमसूल-सरबताचे काम घरात दहा वर्षे चालू असेल तर पीएमएफएमईकडेच जा. दुसरी मर्यादा बारीक अक्षरात आहे. तीन वर्षांच्या काळात खेळत्या भांडवलाची मर्यादा एकदा तरी पूर्ण वापरली गेली पाहिजे आणि सरासरी वापर ७५ टक्क्यांच्या खाली जाता कामा नये, नाहीतर त्या प्रमाणात अनुदान परत जाते. बारमाही उद्योगाला ही अट सहज जमते. काजूवाल्याचे कॅश क्रेडिट मेमध्ये काठोकाठ भरलेले असते आणि डिसेंबरपर्यंत रिकामे होत जाते. सरासरी ७५ टक्के कशी राहणार? म्हणून पीएमईजीपीच्या प्रकल्पात खेळते भांडवल वर्षभर खरोखर अडकून राहील तेवढेच दाखवा आणि हंगामाची जादा गरज वेगळ्या मर्यादेने, अनुदानाच्या बाहेर, मागा.

राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २०१९ पासून आहे. तो जिल्हा उद्योग केंद्र आणि खादी ग्रामोद्योग मंडळामार्फत चालतो आणि त्याचा साचा पीएमईजीपीसारखाच आहे. त्याच्या मर्यादा शासन निर्णयाने बदलतात, चालू निर्णय पाहूनच अर्ज करा. मासळीच्या कामाला, म्हणजे बर्फ कारखाना, इन्सुलेटेड गाडी, मासळी सुकवणे, यासाठी आधी प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना पाहावी. तिथे सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के आहेत.

जिल्ह्यापुरत्या योजनांचा अनुभव मिश्र आहे. सिंधुदुर्गाला आधी ‘चांदा ते बांदा’ होती, ती थांबली. मग रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांसाठी ‘सिंधुरत्न समृद्ध’ योजना आली, २०२२-२३ पासून तीन वर्षांसाठी ३०० कोटींची. केंद्राच्या योजनेत न बसणाऱ्या स्थानिक गरजा अशा योजनेतून भागू शकतात आणि विभागासाठी वेगळा पैसा ठेवणे हे तत्त्वतः अगदी योग्य आहे. पण त्यांची मुदत लहान असते आणि हप्ते वर्षाच्या तरतुदीवर अवलंबून राहतात. अशा योजनेचा पैसा येईलच असे धरून यंत्राची ऑर्डर देऊ नका. मिळाला तर जोड म्हणून वापरा.

कागदपत्रांकडे येऊ. आधार, पॅन, बँकेचे खाते उतारे, उद्यम नोंदणी, यंत्रांची कोटेशन, प्रकल्प अहवाल ही यादी सगळ्यांना पाठ असते. अर्ज अडतो तो सातबारावर. कोकणात एका सातबारावर वीस-पंचवीस नावे ही नेहमीची गोष्ट, त्यातली निम्मी मुंबईत, काही मयत आणि वारस नोंद झालेली नाही. योजनेला मालकी लागत नाही, पण बँकेला जागेचा हक्क स्पष्ट हवा असतो आणि महावितरणला जागेचा पुरावा. सगळ्यात सरळ मार्ग म्हणजे ग्रामपंचायतीकडे ज्याच्या नावाने घरपत्रक आहे, त्याच्याकडून नोंदणीकृत भाडेकरार करणे. करार कर्जाच्या मुदतीपेक्षा लहान नको. सात वर्षांचे कर्ज आणि अकरा महिन्यांचा करार हे जोडीने दिले तर फाइल परत येणारच. सामायिक जमिनीवर नवे बांधकाम करायचे असेल तर सहहिस्सेदारांची संमती गणपतीला किंवा मे महिन्याच्या सुट्टीत, सगळे गावात असताना, एकत्र घ्या. एरवी एकेका सहीसाठी डोंबिवली-विरारच्या वाऱ्या होतात. जागा खाडीकाठी किंवा समुद्राजवळ असेल तर किनारा नियमन क्षेत्रात येते का, हे बांधकामाआधी तपासा. पाया घातल्यावर कळले तर उपाय उरत नाही.

कोटेशन घेताना यंत्र, जीएसटी, वाहतूक आणि बसवणी या चार रकमा वेगळ्या लिहून घ्या. काजूची यंत्रे बहुधा कोल्हापूर, मंगळूर किंवा गुजरातहून येतात आणि वाहतूक-बसवणीचा खर्च कोटेशनमध्ये नसला की तो शेवटी खिशातून जातो. मंजुरीआधी स्वतःच्या पैशाने यंत्र घेऊन टाकू नका, अनुदान कर्जाशी जोडलेले आहे. बँक पैसे थेट पुरवठादाराला देते, त्यामुळे पुरवठादाराचे जीएसटी बिल आणि खाते व्यवस्थित हवे. ‘बिल थोडे वाढवून देतो, तुमचा वाटा त्यातच निघेल’ असे कोणी म्हणाले तर तिथून उठा. वाढवलेल्या बिलाचे कर्ज तुम्हीच फेडता, आणि तपासणीत यंत्राची किंमत जुळली नाही तर अनुदानही धोक्यात येते.

कोटेशनच्या यादीत काजूवाले एक वस्तू हमखास वगळतात: बी आकारानुसार वेगळी करणारी चाळण. कटरची पाती एका आकाराला लावलेली असतात. गावातली मिश्र बी तशीच घातली की लहान बी न फुटता निघते आणि मोठीचा गर कापला जातो. अख्खा गर आणि तुकडा यांच्या भावात मोठा फरक असतो, त्यामुळे चाळण न घेतल्याचा तोटा पहिल्याच हंगामात तिच्या किमतीइतका होऊ शकतो. सुकवणीच्या बोरम्याचीही क्षमता कटरला जुळवून घ्या. गर साधारण ७० अंशांवर सहा ते आठ तास सुकतो. घाईत कमी सुकवला तर साल चिकटून राहते, जास्त सुकवला तर सोलताना तुटतो. कटर दुप्पट क्षमतेचा आणि बोरमा लहान अशी जोडी अनेक अनुदानित युनिटांत दिसते, मग दुपारनंतर कटर बंद ठेवावा लागतो.

बी साठवणे हेही यंत्राइतकेच महत्त्वाचे. उन्हात वाळवून ओलावा ८ टक्क्यांच्या आसपास आणा, ज्यूटच्या पोत्यांत भरा आणि फळ्यांच्या मांडणीवर, भिंतीपासून हातभर लांब रचा. कोबा केलेल्या जमिनीवर थेट ठेवलेली पोती जुलैत खालून दमट होतात, बुरशी धरतात आणि गर पिवळट पडतो. गर भरताना ओलावा ५ टक्क्यांच्या वर नको. पावसाळ्यात व्हॅक्यूम किंवा नायट्रोजन भरून पॅक केल्याशिवाय माल टिकत नाही, म्हणून पॅकिंगचे यंत्र नंतर घेऊ असे म्हणू नका.

बॉयलरबद्दल पूर्ण स्पष्टता हवी. २५ लिटरपेक्षा कमी क्षमतेचे किंवा प्रति चौरस सेंटीमीटर १ किलोपेक्षा कमी दाबाचे भांडे बॉयलर कायद्याच्या बाहेर राहते. त्यावरच्या बॉयलरला नोंदणी आणि तपासणी आली. लहान युनिटला कमी दाबाचा स्टीम कुकर पुरतो. पुरवठादाराकडून क्षमता आणि दाब लेखी घ्या. टरफल जाळून वाफ करणार असाल तर धुराचा प्रश्न शेजाऱ्यांकडून पहिला येतो, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीचे आधीच विचारा.

आता इमारत. जांभ्याच्या चिऱ्याची उघडी भिंत आणि वर मंगळुरी कौले ही आपली नेहमीची पडवी. अन्नसुरक्षेच्या नियमांना ती चालत नाही. चिऱ्याच्या भोकांत धूळ आणि किडे बसतात, कौलांतून पाली आणि उंदीर येतात. भिंत गिलावा करून धुता येईल अशी गुळगुळीत हवी, कौलाखाली फॉल्स सीलिंग, खिडक्यांना बारीक जाळी, जमिनीला पाणी वाहून जाईल असा उतार आणि राहत्या घरापासून वेगळे दार. कच्चा माल एका बाजूने आत, तयार माल दुसऱ्या बाजूने बाहेर, मध्ये मिसळ नाही. हा खर्च सुरुवातीलाच आराखड्यात घाला. यंत्र आल्यावर भिंती फोडणारे पुष्कळ आहेत.

वीज हा आणखी एक अडथळा. वाडीवरचा ट्रान्सफॉर्मर आधीच भारावलेला असतो. थ्री फेजचा अर्ज करताना सगळ्या मोटरींचे एकूण अश्वशक्तीचे गणित द्या, महावितरणचे फर्म कोटेशन हातात आल्यावरच यंत्राची तारीख ठरवा. खांब आणि नवा ट्रान्सफॉर्मर लागणार असेल तर खर्च आणि वेळ दोन्ही वाढतात. पावसात दोन-दोन दिवस वीज जाते, त्यामुळे बोरमा पूर्ण विजेवर घेण्यापेक्षा टरफलावर किंवा लाकडावर चालणारा घेतलेला बरा.

आंबा आणि कोकमवाल्यांचा हंगाम काजूहूनही आखूड. कॅनिंगचा आंबा मेमध्ये येतो, पेटीचा भाव पडल्यावर. कोकम, फणस, करवंद, जांभूळ हे सगळे त्याच एप्रिल-जूनमध्ये. म्हणून ‘एकच पल्पर (फळाचा गर काढणारे यंत्र) चार फळांना वापरू’ हे अहवालातले वाक्य वर्ष भरून काढत नाही, चारही फळे एकाच वेळी दारात उभी असतात. जमते ते असे: हंगामात फक्त अर्धवट प्रक्रिया करून साठवा आणि पुढचे काम पावसाळ्यात करा. कोकमाचे आगळ, म्हणजे रस, मीठ घालून टिकते, त्याचे बाटलीबंद सरबत नंतर करता येते. आंब्याचा रस डब्यात बंद करून पोळी, बर्फी, जॅम नंतर. फणसाचे गरे वाळवून ठेवता येतात. याला साठवणीची भांडी आणि ड्रायर लागतो, पल्पर एक लहानसा पुरे. आमसुलाला पाऊस हा मोठा शत्रू, सोलं (कोकमाच्या साली) आगळात भिजवून पुन्हा पुन्हा वाळवावी लागतात आणि मेअखेर ढग आले की बुरशी धरतात. सोलर टनेल ड्रायर प्रकल्पात घाला, त्याचा उपयोग मासळीपासून मिरचीपर्यंत होतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण अमृता’ ही कोकमाची जात पावसाआधी तयार होते, पुरवठादार बागायतदाराला ती लावायला सांगा. नावाचाही फायदा घ्या: हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पण ते छापायचे तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. काजूतही तसेच. आफ्रिकेची बी फोडून पाकिटावर वेंगुर्ला लिहिणे हा स्थानिक बागायतदारावर अन्याय आहे.

जिल्हा संसाधन व्यक्ती ही या योजनेची सर्वात चांगली बाजू. अर्ज भरण्यापासून बँक, परवाने, प्रशिक्षण यांपर्यंत ही व्यक्ती मदत करते आणि तिचे मानधन सरकार देते: मंजूर झालेल्या प्रत्येक प्रकरणामागे २० हजार रुपये, निम्मे कर्ज मंजुरीनंतर, निम्मे उद्योग उभा राहून नोंदण्या झाल्यावर. त्यामुळे लाभार्थ्याने पैसे द्यायचे नसतात. कोणी ‘फाइलचे’ टक्के मागितले तर कृषी कार्यालयात तक्रार करा. अडचण एवढीच की सगळीकडे सारख्या कसाची माणसे नाहीत. काही जणांचे अहवाल एकाच साच्याचे असतात, फक्त नाव बदललेले. आपला अहवाल स्वतः वाचा. बँकेत ‘ब्रेक इव्हन किती टनांवर?’, म्हणजे किती टनांवर खर्च भरून निघतो, असे विचारल्यावर उत्तर तुम्हाला यायला हवे.

बचत गटांसाठी प्रत्येक सदस्यामागे ४० हजार रुपयांचे बीज भांडवल आहे, लहान साधने आणि खेळते भांडवल यासाठी. हंगामाला उपयोगी पडणारा योजनेतला हाच एक भाग. पैसे बचत गटांच्या संघाकडे येतात आणि सदस्याला कर्ज म्हणून मिळतात, ते परत करायचे असतात. मोफत वाटप असा गैरसमज गावात पसरला तर संघाची वसुली थांबते आणि पुढच्या गटाला काही उरत नाही. दहा जणींच्या गटाला एकत्र ४ लाख म्हणजे तीन टन बी किंवा कोकमाचा पूर्ण हंगाम. प्रक्रियेतल्या कोणत्याही मोठ्या यंत्राआधी हा मार्ग करून पाहावा, असे आमचे ठाम मत आहे.

वेळापत्रक उलट्या बाजूने मांडा. काजूला यंत्र फेब्रुवारीअखेर चालू हवे. म्हणजे बसवणी आणि चाचणी जानेवारीत, ऑर्डर नोव्हेंबरात, मंजुरी त्याआधी आणि अर्ज पावसाळ्यात. अर्ज जिल्हास्तरीय समितीपुढे जातो, मग बँकेत, आणि बँकेत प्रश्न-उत्तरे होतात. मार्चमध्ये अर्ज केला तर मंजुरी ऐन पावसात मिळते, यंत्र जुलैत येते आणि पुढची बी आठ महिने लांब असते. हप्ता सुरू होण्याआधी सहा महिन्यांची सूट मागा आणि नंतरचे हप्ते तिमाही किंवा सहामाही करून घ्या, म्हणजे मोठा हप्ता दिवाळीच्या विक्रीनंतर येईल. मंजुरीपत्रावर सही करण्याआधीच हे बदलता येते. मासिक हप्ता मान्य करून नंतर विनंती केली तर शाखेच्या हातात फारसे काही राहत नाही.

कारण पुढची तीन वर्षे खाते नियमित ठेवणे हाच सगळ्या योजनेचा गाभा आहे. कर्जाचा शेवटचा टप्पा उचलल्यापासून तीन वर्षे खाते चांगले राहिले आणि उद्योग चालू असला तर मिरर खात्यातली रक्कम कर्जात जमा होते. हप्ता ९० दिवस थकला की खाते अनुत्पादक होते आणि बँक ती रक्कम आपल्या वसुलीत वळवते. तीन वर्षे भरली की बँक आपणहून जमा करेल असे धरून चालू नका. तारीख वहीत लिहून ठेवा, शाखेला लेखी अर्ज द्या, सोबत चालू वीजबिल, एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा) परवाना आणि गेल्या वर्षाची विक्री जोडा, आणि पोच घ्या. शाखाधिकारी तोवर दोनदा बदललेला असतो, त्यामुळे मंजुरीपत्र, अनुदान आल्याचा संदेश आणि मिरर खात्याचा क्रमांक ही तीन कागदे पहिल्या दिवसापासून एकाच फाइलमध्ये ठेवा.